आपा, मी तुमचे खेळ लिहून ठेवतेय

आपा, तुमच्यासाठी शाळेत दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं होतं. प्रार्थनेनंतर सगळे तसेच उभे राहिले. मुलांनी हात जोडले, डोळे मिटले. भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम, कापडाचे यंत्रमाग, चालूच होते. त्यांना कोण थांबवणार. तेवढ्यात माझ्यासमोर, पहिलीच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "शांतता." दुसरी म्हणाली, "तवा." मग "वारा." मग "राणी." तिथे गाडी अडली.

"णीचं काय?"

"ण पहिला येत नाय. नी घे."

"नीट."

मुख्याध्यापक सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मुलींना गप्प करणं माझं काम होतं. मी केलं नाही. मी सरांकडे बघत राहिले, शेवटी त्यांनीच डोळे मिटून घेतले.

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमच्या घरी आलेल्या बायका मला समजावत होत्या, सब्र कर, रडू नको. मी रडत नव्हतेच. मी चिडले होते. अजून चिडलेलीच आहे. थोडी तुमच्यावर, त्याहून जास्त स्वतःवर, आणि उरलेली सगळी त्या माणसांवर, जी तुमच्या कामाला 'मुलांना खेळवणं' म्हणतात. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं झाली, हे मी इथे लिहिणार नाही. ते ऑफिसच्या फाइलमध्ये आहे. फाइलमध्ये जे नाही तेवढंच मला बोलायचं आहे.

मी शेलार गावातून येऊन या शाळेत रुजू झाले तेव्हा माझ्याकडे दुसरी होती, तुमच्याकडे पहिली. मध्ये प्लायवूडची फळी. धामणकर नाक्याला शेअर रिक्षातून उतरायचं, गल्ली चालत यायचं, फळ्यावर सुवाच्य अक्षरात धडा लिहायचा आणि मुलांकडून उतरवून घ्यायचा, हा माझा दिवस. माझा वर्ग इतका शांत असायचा की मला त्याचा अभिमान होता. त्या शांततेत फळीपलीकडून तुमचा आवाज यायचा.

"परात. प पळाला."

"रात," सगळा वर्ग ओरडायचा.

"कपाट. क पळाला."

"पाट."

"आता मला शब्द घाला."

कुणीतरी म्हणायचं, "बादली." तुम्ही विचार केल्यासारखं करून म्हणायचात, "दली." मुलं हसायची. "दली म्हणजे काय, आपा?" तुम्ही सांगायचात, "काही नाही. काही शब्दांचं अक्षर पळालं की मागे काही उरत नाही. पण बरोबर ऐकलंस."

तिसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन तुमच्याकडे आले. सकीना आपा म्हणतात त्या ह्याच, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "आपा, तुमच्या आवाजाने माझ्या मुलांचं लक्ष लागत नाही."

"मग त्यांनाही इकडे पाठव."

"तसं नाही. ही मुलं लिहिणार कधी?"

"ऐकल्यावर," तुम्ही म्हणालात. "शब्द तुटतो हे आधी त्यांच्या कानाला कळू दे. तुकडा हातात आला की त्याला अक्षर चिकटवायला किती वेळ लागतो?"

मला ते पटलं नाही. मी डीएड पहिल्या नंबराने पास झाले होते. माझ्याकडे टाचणवही होती, तक्ते होते. तुमच्या टेबलावर खडू आणि पाण्याची बाटली.

पुढे एकदा माझ्या वर्गातली गावाकडची एक मुलगी "न्हाय" म्हणाली आणि मी तिच्याकडून "नाही, नाही, नाही" असं तीनदा म्हणवून घेतलं. फळीपलीकडे तुम्ही ते ऐकलंत. मधल्या सुट्टीत डबा उघडताना विचारलंत, "शोभा, तुझी आई फोनवर काय म्हणते? नाही की न्हाय?"

"आई शिकलेली नाही."

"मी ते विचारलं नाही."

दोन दिवस मी तुमच्याबरोबर जेवले नाही. ठाण्याला शिकायला गेल्यावर मुली हसल्या म्हणून मी आरशासमोर उभं राहून ते 'न्हाय' तोंडातून काढून टाकलं होतं. आणि तुमच्या वर्गात 'न'चा खेळ सुरू झाला की नळ, नाक, नमाज, नारळ यांच्या रांगेत न्हाय आरामात बसायचा. 'क'ला पुस्तकातलं कमळ नसायचं, कांडी असायची. निम्म्या मुलांच्या आया घरी बसून लूमसाठी कांड्या भरतात, सूत गुंडाळून गुंडाळून त्यांची बोटं कापलेली असतात. "कमळ ह्यांच्यातल्या किती जणांनी पाहिलंय?" तुम्ही म्हणायचात. "कांडी झोपेतसुद्धा दिसते त्यांना. ज्या शब्दावर मुलाचा हक्क आहे त्यानेच सुरुवात करायची."

मी तेव्हाही भांडले. परीक्षेत कांडी येत नाही, कमळ येतं, असं म्हणाले. त्या मुद्द्यावर मी आजही पूर्ण हरलेली नाही, हे तुम्हाला माहीत असू दे.

मग मुस्कान आली. आली म्हणजे माझ्याच वर्गात होती, मीच तिला तुमच्याकडे ढकलली. दुसरीत असून तिला क आणि ख यांतला फरक कळत नव्हता. खडू म्हटलं की कडू लिहायची, घर म्हटलं की गर. मी तिच्या प्रगतिपत्रकावर 'आकलन कमी' असं लिहिलं आणि सरांना सांगितलं की हिला काही दिवस पहिलीत बसवू. खरं सांगायचं तर मला ती नको होती. माझ्या सुबक वर्गात ती एकटी डाग होती.

तुम्ही तिला पहिला प्रश्न विचारलात तो अक्षराचा नव्हता. "राहतेस कुठे?"

"कारखाने के ऊपर."

"रात्रीपण लूम चालतात?"

"हां. घर हिलता है."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी दारातच उभी होते. सहा महिने ती माझ्या वर्गात होती आणि मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. जिथे आईला हाक मारायची तरी ओरडावं लागतं, तिथे क आणि ख यांतला बारीकसा फरक कानापर्यंत पोहोचणार कसा? तुम्ही तिचे कान तपासून आणायला लावलेत. कान चांगले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकीच्या जाळीवर साचलेलं कापसाचं तूस चिमटीत घेतलंत. आपल्या शाळेत धूळ कमी आणि तूस जास्त. ते तिच्या तळहातावर ठेवलंत आणि हात तिच्या तोंडापुढे धरलात.

"म्हण, क."

"क."

तूस जागचं हललं नाही.

"आता ख."

तूस उडून तुमच्या ओढणीवर बसलं. मुस्कान हसली. मी तिला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. "फिर से," ती म्हणाली. मग प आणि फ, ट आणि ठ. तुम्ही दोघी खिडकीजवळ फुंकर आणि फुंकर नसलेली अक्षरं वेगळी करत बसलात. ज्या कारखान्याने तिचा कान भरून टाकला होता त्याच कारखान्याचा कापूस तुम्ही तिच्या हातावर ठेवलात. मी वर्गात परत गेले आणि माझ्या मुलांना धडा उतरवून घ्यायला सांगितलं, कारण मला दुसरं काही सुचेना.

आता त्या तपासणीचं सांगते. तुम्ही ती गोष्ट परत कधी काढली नाहीत, म्हणून मला काढावीच लागेल.

अधिकारी आले. त्यांनी तुमच्या वर्गातल्या वह्या चाळल्या. "अर्धी वही कोरी आहे, बाई."

"वही कोरी आहे, साहेब. मुलं कोरी नाहीत. त्यांना विचारून बघा."

त्यांनी मुलांना काही विचारलं नाही. सर घाबरून गेले होते. ते माझ्याकडे वळले, "शोभाबाई, तुम्ही शेजारीच शिकवता. तुमचं काय मत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्हीही. मला तुसाची गोष्ट सांगता आली असती. मुस्कानला उभं करता आलं असतं. मी म्हणाले, "वर्गात आवाज फार होतो, सर."

एवढंच वाक्य. आठवड्याभरात लेखी सूचना आली, की खेळ फक्त शनिवारी शेवटच्या तासाला, एरवी लेखनाचा सराव.

त्या दिवशी संध्याकाळी नाक्यावर आपण रिक्षासाठी उभ्या होतो. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी पाय घट्ट रोवून उभी होते. तुम्ही म्हणालात, "आवाज होतो, ते काही खोटं नाही." मग रिक्षा आली, तुम्ही आत सरकलात, मला जागा केलीत आणि रस्ताभर पापलेटचा भाव किती चढलाय ते सांगत राहिलात. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आज लिहिते, आपा. मी घाबरले होते. माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती. हे कारण झालं, माफी नव्हे. माफी मागायला मला पुढची सगळी वर्षं मिळाली होती आणि मी ती डब्यातल्या भाजीच्या गप्पांत घालवली.

तुम्ही मात्र सूचना तंतोतंत पाळलीत. शाळेच्या वेळात खेळ नाही म्हणजे नाही. शाळा भरायच्या अर्धा तास आधी तुम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसायला लागलात. पहिल्या दिवशी एकटी मुस्कान होती. आठवड्याने बसायला पायरी उरली नाही. सर म्हणाले, "आपा, हे काय?" तुम्ही म्हणालात, "शाळा अजून भरलेली नाही, सर. मी पायरीवर बसलेय."

पावसाळा संपता संपता एका सकाळी मुस्कानची अम्मी शाळेत आली. कांड्या भरायचं काम सोडून ती कधी आली नव्हती. हातात ओढणीचं टोक पिळत दारात उभी राहिली. तुम्ही तिला आत बोलावलंत. तिने सांगितलं, की काल संध्याकाळी कारखान्याच्या शटरवर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. माणसं बाहेर थांबली होती, शेठ यायची वाट बघत. मुस्कान दूध घेऊन येत होती. ती थांबली आणि तिने मोठ्याने वाचलं, आज रात शिफ्ट बंद.

"किसी ने बताया नहीं था, मैडम," तिची अम्मी म्हणाली. "उसने खुद पढा. इसके अब्बा ने दो बार पढवाया."

तुम्ही मुस्कानला जवळ घेतलंत आणि विचारलंत, "सगळ्यात आधी कुठला शब्द दिसला?"

"रात," ती म्हणाली. "परात वाली."

तुम्ही तोंड धुवायला म्हणून मोरीकडे गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. मी तिच्या अम्मीला बसायला खुर्ची दिली. मग मी ऑफिसमध्ये गेले, मुस्कानचं प्रगतिपत्रक मागून घेतलं आणि 'आकलन कमी' वर रेघ मारली. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून मीही अर्धा तास आधी यायला लागले. तुम्ही नुसतं बाजूला सरकून पायरीवर जागा दिलीत.

त्या पायऱ्यांवर मी जे शिकले ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नाही. टाळी वाजवून नाव तोडायचं. पिशवीत हात घालून वस्तू न दाखवता तिचं पहिलं अक्षर सांगायचं. शब्द उलटा करायचा, मका म्हटलं की काम. एका मुलीने बस उलटं करून सब म्हटलं आणि मी म्हणाले, "सब मराठी नाही." तुम्ही म्हणालात, "तिने बरोबर उलटं केलं की नाही, तेवढं सांग." एकदा तर सकाळभर मुलं चहा उलटा करून "हाच, हाच" करत फिरत होती. तुम्ही स्वतः हसून हसून पायरीवर आडव्या झालात. तुमचं हसणं आठवलं की मला अजून राग येतो, की ते आता कुठे ऐकायला मिळणार नाही.

आणि आपलं शेवटचं भांडण. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा पिशवीत एक नवी वही होती. मी म्हणाले, "आपा, तुम्ही सांगा, मी सगळे खेळ लिहून घेते."

"नको."

"का नको?"

"लिहिलंस की त्याचा तक्ता होईल. तक्त्यात रकाने येतील. मग शिक्षिका रकाने भरत बसतील, खेळणार कोणी नाही."

"आणि नाही लिहिलं तर तुमच्याबरोबर जाईल सगळं."

तोंडातून निघून गेलं. तुमच्या हाताला सलाइन लावलेली होती आणि मी तुम्हाला हे म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. "जाऊ दे," म्हणालात. "दुसरी कुणीतरी शोधेल. मला कुणी लिहून दिलं होतं?"

"तुमच्यासारखं सगळ्यांना सुचत नाही, आपा. मला सुचलं नव्हतं. सहा महिने मुलगी माझ्या वर्गात होती, ती कुठे राहते ते मी विचारलं नाही."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं थकलात. मी वही पिशवीत टाकली, जरा फणकाऱ्यानेच, आणि उद्या येते म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी माझी सर्वेक्षणाची ड्युटी लागली. काल्हेरला गोदामांच्या मागच्या चाळींतून दारोदार फिरत होते, कुठलं मूल शाळेत जात नाही ते विचारत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या नणंदेचा फोन आला.

तेव्हा भांडण अर्धवट राहिलं. माझ्या बाजूचं मी आता पूर्ण करते. आपा, मी तुमचे खेळ लिहून ठेवतेय. तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी लिहितेय. वही अर्धी झाली आहे. तुमचं म्हणणं मी विसरलेली नाही, म्हणून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'ही वही बघून शिकवू नये. आधी मुलाकडून एक शब्द मागून घ्यावा आणि तिथून सुरू करावं.' त्यात एकही रकाना आखलेला नाही. काल्हेरच्या चाळींत मला ज्या मुली भेटल्या त्यांना तुम्ही कधीच भेटणार नव्हता, तब्येत चांगली असती तरी. तिथल्या कुणा नव्या बाईला एकटीला सुचेल अशी वाट बघायची माझी तयारी नाही. चिडायचं तर चिडा.

परवा सरांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. शिक्षकांच्या सभेतला तुमचा शोकठराव रजिस्टरमध्ये उतरवून झाला होता, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी राहिली होती. मी वाचला. आदरणीय वगैरे सगळं नीट होतं. खाली एक ओळ होती, 'त्यांनी अनेक वर्षे लहान मुलांना विविध खेळांत रमवले.'

"सर, हे चुकलंय," मी म्हणाले.

"काय चुकलं?"

"रमवले नाही. वाचायला शिकवले."

"तोच अर्थ आहे, बाई."

"तोच असेल तर बदलायला हरकत नाही."

"ठराव मंजूर झालाय. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."

"मग माझी सही होणार नाही."

सर वाईट माणूस नाहीत, हे मलाही माहीत आहे. ते म्हणाले, "शोभाबाई, त्या तपासणीच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात ना, आवाज फार होतो म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "तेव्हा मी चुकले होते. तेही लिहायचं असेल तर लिहा, त्याखाली मी वेगळी सही करते."

रजिस्टर माझ्या पुढ्यात तसंच उघडं होतं. मी पेन काढलं. 'विविध खेळांत रमवले' यावर एक सरळ रेघ ओढली आणि वरती, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, 'खेळांतून वाचायला शिकवले'. मग पूर्ण नावाने सही केली, दुरुस्ती कुणी केली ते कळावं म्हणून बाजूलाही केली.

खाडाखोड उठून दिसते, आपा. दिसू दे.